पहिलं घर रिकामं

प्रिय मुंगी,

शाळेत सिस्टरांच्या गणिताच्या तासाला आपण एका बाकावर बसायचो, आठवतंय? पानावरची पहिली ओळ कोरी सोडायची, असा त्यांचा दंडक. मी वरच्या कडेपासूनच सुरू व्हायची आणि हातावर पट्टी खायची. तू मात्र ती ओळ जन्मभर सोडत आलीस. पुढे दोघी एकाच ऑफिसात प्रोग्रॅम लिहायला लागलो, तेव्हासुद्धा! सगळे शून्यापासून मोजायचे, म्हणजे यादीतल्या पहिल्या घराचा नंबर शून्य, आणि तू ते घर रिकामं ठेवून एकापासून मोजणार. चिडवलं की म्हणायचीस, "असू दे गं, कुणी पाहुणा आला तर?"

रिटायर झाल्यावर दर थंडीत इंटरनेटवर येणारी ती प्रोग्रॅम लिहून सोडवायची पंचवीस कोडी, रोज एक, हाच आपला उद्योग झाला. आपापलं उत्तर आल्याशिवाय दुसरीचं बघायचं नाही. मग दोन्ही प्रोग्रॅम शेजारी ठेवून विचारायचं, हे तुला सुचलं कसं? मी उड्या मारत चार ओळींत उरकणार, तू एकेक पाऊल टाकत चाळीस ओळींत. उत्तर तेच. याचं मला अजून नवल वाटतं.

यंदा पहिल्याच दिवशी तुझा प्रोग्रॅम नऊ ओळींत आला, शून्यापासून मोजलेला. मी खूश! म्हातारपणी बाई सुधारली, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तेव्हा थट्टा केली, पाहुण्याची खोली भाड्याने दिलीस का? तिसऱ्या दिवशी लगेच पहिलं घर रिकामं. पण ते रिकामं घरही मोजलेलं, आणि शेवटी गुपचूप एक वजा केलेला. उत्तर बरोबर होतं. हात तुझा नव्हता. तू पाहुण्याला आधी मोजून मग वगळलं नसतंस.

फोन केला की तुझी लेक सांगायची, आई अंघोळीला गेलीय, आई झोपलीय. सकाळी अकराला तू झोपणार? काल तिला सरळच विचारलं. ती रडायलाच लागली. "मावशी, तीन आठवडे झाले झटका येऊन. आईला सगळं कळतं, पण बोलता येत नाही, उजवा हात उचलत नाही. कोडी सुरू झाली तशी डाव्या हाताने सारखी कॉम्प्युटरकडे बोट दाखवायला लागली. तुम्ही घाबराल म्हणून मग मीच..." मी रागावले नाही गं. पोरीच्या त्या नऊ ओळी सुरेख आहेत. फक्त, हे तुला सुचलं कसं, हे तिला विचारायचं राहिलं.

म्हणून हे पत्र, आणि तेही कागदावर. ती तुला वाचून दाखवेल. खेळ थांबवायचा नाही, आता आपण तिघी. चौथ्या दिवसाचं कोडं मोठ्या अक्षरांत छापलंय, ते तुझ्या पलंगासमोर भिंतीवर लावायचं. बंद पाकिटात माझं उत्तर आहे, ते लेकीसाठी. पण आधी तिने स्वतःचं लिहायचं, स्वतःच्या नावाने, खुशाल शून्यापासून मोजून. तोवर पाकीट तुझ्या उशीखाली. तिला द्यायचं कधी, ते तू ठरव. सोबत पाठवलेली कोरी वही तुझी. तिच्यात रोज डाव्या हाताने काहीही काढ, वाकडी रेघ चालेल. फक्त पहिली ओळ सोड.

तुझीच,
घाईबाई