प्रीपेड कार्डं आज घेऊ नका

अहो,

पहिली पाळी संपवून आलात की आधी हे वाचा. आज क्रेडिट कार्डावर मोबाईलचं एकही प्रीपेड कार्ड घेऊ नका. आत्ताच नगरहून बँकेचा फोन आला होता. "एका घराला एवढी प्रीपेड कार्डं कशाला लागतात? नुसत्या खरेदीवरच्या पॉइंटसाठी चाललं असेल तर कार्डाचं खातं बंद करू," असं साहेब म्हणाले. खातं गेलं तर साठलेले पॉइंट जातील, आणि त्यांवर मिळणारं आईंचं कलकत्त्याचं विमानाचं तिकीटही. तिकडे जयमालाताईंचे दिवस भरत आलेत, लेकीच्या बाळंतपणाला आईंना जायलाच हवं, आणि त्यांच्या गुडघ्यांना दोन दिवसांची रेल्वे झेपायची नाही.

मला खोटं बोलता आलं नाही. तुम्ही ती कार्डं कारखान्यात घेतलेल्याच भावाने विकता, हे मी सांगून टाकलं. रागावू नका. साहेबांनी समक्ष बोलावलंय, म्हणून मीच निघालेय. भाकरी झाकून ठेवलीय.

आईंना कळू द्यायचं नव्हतं, पण त्यांनी सगळं ऐकलं. "माज्यासाठी केलंय पोरानं, मंग सायबाला मीच सांगते," म्हणाल्या. एसटीत गुडघे आखडतील म्हटलं, तर ऐकेनात. चपला घालून दारात उभ्या आहेत.

यशोधरा