नवरा-बायको पाहिजेत

प्रिय धाकटे,

थोरलीचे आशीर्वाद. गुडघे कसे आहेत, आणि डोकं कसं आहे? दुसरं मुद्दाम विचारते, कारण गेल्या पत्रात तू लिहिलंस, "ताई, तुझं अक्षर फार सुधारलं." अगं, मला अक्षरओळखच नाही, हेही विसरलीस? आधी पत्रं लिहून द्यायचा तो पोस्टमन बदलून गेला. हे अक्षर खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचं. (शिंपी म्हणतो, कौतुकाबद्दल आभारी आहे. त्याला म्हटलं, मी सांगते तेवढंच लिही.)

तर आपला नातू आणि नातसून. दोघं नाटकातली, लग्नाला वर्ष व्हायचंय, आणि काम मिळायचं ते त्याला एका कंपनीत, तिला भलत्याच. दोन-दोन महिने एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. शेवटी ठरवलं, दौऱ्यावर जायचं तर जोडीनं, नाहीतर नाटक कायमचं सोडायचं. पहिल्या कंपनीचा मालक म्हणाला, "नवरा-बायको नकोत. एक रुसलं की दोन भूमिका पडतात." म्हणून दुसऱ्या कंपनीत दोघं वेगवेगळी शिरली आणि एकमेकांना नावं विचारत बसली. (मी कोणाची आजी हे ठरायचं राहिलं होतं, म्हणून मागच्या खुर्चीवर गप्प बसले.) हा मालक म्हणतो, "कामं छान करता, पण मला नवरा-बायकोच पाहिजेत. दौऱ्यात एका खोलीत भागतं." दोघं एकदम ओरडली, "आम्ही आहोत की!" मालक म्हणाला, "आत्ताच तर ओळख झाली तुमची!" खरं काय नि खोटं काय, माझाही गोंधळ उडाला, आणि मी तर त्यांच्या लग्नात पहिल्या रांगेत बसले होते.

मालकानं खात्री करायला त्यांना नवरा-बायकोच्या भांडणाचा एखादा प्रवेश करायला लावला. त्यांनी निवडला तो घरी महिनाभर घोटलेला. भाजी चिरता चिरता मलाही पाठ झालेला. पण घाबरून दोघांची दातखीळ बसली. तो तिच्याकडे बघतोय, ती छताकडे. मला राहवेना. मागून एकेक वाक्य सांगत गेले, त्याचं त्याला, तिचं तिला. मालक पोट धरून हसला. म्हणाला, "पटलं! नवरा-बायकोच. दोघांना बोलायला सुचत नाही आणि मागून म्हातारी बोलतेय."

त्यांना घेतलं. आणि मलाही, प्रॉम्प्टर म्हणून! विंगेत उभं राहायचं, कोणी अडलं की वाक्य पुरवायचं. मी नको म्हणाले, तर म्हणे, "घेईन तर तिघांना, नाहीतर कोणालाच नाही." आणि नव्या नाटकाची जाडजूड वही माझ्या हातात. मी दोन पानं उलटली आणि म्हटलं, "बरं लिहिलंय."

आता नातवाला वाचून दाखवायला सांगितलं तर तो आपलीच वाक्यं वाचतो, नातसून तिचीच. सकाळी कळतं की नवरा घर सोडून चाललाय, संध्याकाळी कळतं की बायको म्हणतेय, "ठेव तिथेच." काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, काही पत्ता नाही. (शिंप्यानं एक प्रवेश वाचला, पण त्याला रडू आवरेना.)

बाकी सगळं ठीक.

तुझी ताई

ता.क. बाकी काही ठीक नाही. सोमवारी कंपनीची गाडी सुटते. तू शाळेत गेलीस तेव्हा तुझ्या वाटणीची भांडी मी घासली. आता त्या शाळेचा मला जरा उपयोग होऊ दे. चल माझ्याबरोबर. तू वहीत बघून माझ्या कानात सांग, मी पुढे ढकलेन. नाही आलीस तर पहिल्याच गावातून आम्ही तिघं घरी. मालकाला सांगितलंय, हाताशी बहीण लागते, आम्हा दोघींनाही एकच खोली पुरेल. तू घोरतेस ते सांगितलेलं नाही.

आणखी ता.क. कुरकुरीत काही आणू नकोस, विंगेतला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. बिया काढलेला खजूर आण, डबाभर. पण पडदा पडेपर्यंत डबा माझ्याकडे राहील. तुझं तोंड भरलं की माझं बंद, आणि माझं बंद झालं की पोरांचं.