दारातली खुर्ची

शिक्रापूर,
मंगळवार, ता. १२ नोव्हेंबर २०२४

सुरेखाताईंना सुषमाचा वाकून नमस्कार.

तिकडं राहू गावी सगळे खुशाल असाल असं धरून चालते. इकडं आम्ही ठीक. तुमच्या भावाची पाठ दुखायची थांबली आणि लगेच पिठाच्या पोत्याला हात घालायला लागले. मी ओरडले, पण माझं ऐकतंय कोण? तुमच्या घराचं प्लॅस्टर झालं का? रंग कोणता देताय? हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण सात वेळा लावला आणि तुम्ही उचलला नाही. म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून लिहिलेलं नाही, चुका पोटात घाला.

बातमी अशी की शेजारचा गाळा मी घेतला नाही. हो, तोच, ज्याचं दिवाळीत तुमच्यापुढं तासभर पुराण लावलं होतं. वीस टेबलं, वर पंखे, एका बाजूला बायाबापड्यांसाठी पडदा. सुताराला टेबलांची मापं दिली होती. सही करायच्या दिवशी मालकाला नाही सांगून आले. आठ वर्षं खानावळ चालवतेय, एवढी मोठी उडी पहिल्यांदाच मारणार होते. पाय टेकायच्या आत थांबले ती माझ्या अकलेनं नाही.

तुमच्याकडं प्लॅस्टर निघालं म्हणून आबा आमच्याकडं आले ना, तर आल्या दिवशीच त्यांनी खुर्ची ओढून दारात टाकली. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, काठी दोन गुडघ्यांच्या मधे. कामगार येतायत, जेवतायत, जातायत, आणि सासरेबुवा नुसते बघतायत. मला वाटलं रस्त्यावरचे ट्रक बघतायत. म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा, म्हणून मीही लक्ष दिलं नाही. पाचव्या दिवशी मी भाकरी थापत होते, तर आत आले आणि म्हणाले,

"सुषमा, गाळा धरू नगंस. ही मान्सं चालली."

मी म्हटलं, आबा, बाहेर बघा, बसायला जागा नाही.

"जेवत्यात, पर टेकत न्हाईत. मेंढरू बसून रवंथ करतंय तवर वाडा हलवायचा न्हाई. उभ्यानं कराय लागलं, की गवत असू दे न्हाईतर नसू दे, तिथलं संपलं. तुझी मान्सं पिशवी खांद्यावर ठिवून जेवत्यात."

वाडा म्हणजे मेंढरांचा तळ, हे मी तुम्हाला काय सांगणार? तुमचं अर्धं बालपण त्याच्या मागं चालण्यात गेलं. मला मात्र हसू आलं. मी म्हटलं, माझी गिऱ्हाइकं म्हणजे मेंढरं नाहीत. आबा बरं म्हणाले आणि परत दारात जाऊन बसले.

आता पुढचं. सकाळपासून दोनदा इथपर्यंत येऊन उठले. एकदा डाळ बघायला, एकदा उगीच.

दुसऱ्या दिवशी गाळ्याचा मालक बायकोला घेऊन जेवायला यायचा होता. ते येण्याआधी मी आबांची खुर्ची उचलली आणि मागं सिलिंडरच्या शेजारी नेऊन ठेवली. म्हटलं, दारात धूळ फार येते, खोकला होईल. आबा माझ्याकडं बघून उठले. मागं जाऊन बसले. ताटही तिथंच घेतलं. दुपारी न सांगता वडापच्या जीपनं तुमच्याकडं निघून आले. त्यांनी तुम्हाला खोकल्याचंच कारण सांगितलं असणार, माझं नाव घेतलं नसणार. ताई, खोकला नव्हता. मला त्यांच्या मुंडाशाची लाज वाटली. तुम्ही हे ओळखलंत, म्हणूनच फोन उचलत नाही.

ते गेल्यावर मी खुर्ची परत दारात आणली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिच्यावर जाऊन बसले. आठ वर्षांत मी माझी खानावळ तिथून कधी बघितलीच नव्हती. भिंतीवर तुमच्या भावानं पिशव्यांसाठी बारा खिळे ठोकलेत. आधी त्या खिळ्यांवरून पोरांची भांडणं व्हायची. त्या दिवशी बाराही मोकळे. पन्नास माणसं जेवत होती, आणि प्रत्येकाची पिशवी खांद्यावर, नाहीतर मांडीवर.

सत्यजीत म्हणून एक जण आहे, तीन वर्षं आमच्याकडं जेवतो. त्याला विचारलं. तो म्हणाला,

"काकू, आमच्या कंपनीची आख्खी लाइन रांजणगावला चाललीय, एक तारखेपासून. कालच सांगितलं सायबानं."

काल! ताई, आबांनी मला त्याच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. ज्यांना जायचंय त्यांना कळायच्या आधी आबांना कळलं. सत्यजीत म्हणतो, कुजबुज होती, पण खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांच्या खांद्यांना ठाऊक होतं की काय? मी रोज त्यांची ताटं वाढते, मला मीठ कमी-जास्त झालेलं कळतं, आणि हे कळलं नाही. चाळीस वर्षं मेंढरांमागं कोकणात उतरून परत देशावर चढलेल्या माणसाला पाच दिवसांत कळलं. अजून त्या खिळ्यांकडं बघितलं की हात थांबतो.

आता माणसांमागं आम्हीही रांजणगावला जाणार. टेबलं नकोत, नुसतं स्वयंपाकघर आणि डबे. दोन जागा बघून आलो. मला दोन्ही सारख्याच वाटतात. मला नळ दिसतो, मोरी दिसते, त्यापलीकडं काही दिसत नाही. तळ हलायच्या आधी आबा एकटे पुढं जाऊन नव्या जागेवर दिवसभर बसायचे आणि परत येऊन हो किंवा नाही एवढंच सांगायचे, हे तुम्हीच मला सांगितलंय.

रविवारी सकाळी टेम्पो घेऊन राहूला येते. टेम्पोत खुर्ची असेल. जागेला आबा नाही म्हणाले तर जागा सोडीन. मला नाही म्हणाले तर खुर्ची तुमच्या दारात ठेवीन आणि मुकाट्यानं परत येईन.

हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. मुंडाशाचं वाक्य गाळू नका.

खुर्ची मागं नेणारी,
तुमची भावजय
सुषमा