दहा जण जमेपर्यंत

८ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद, आज जरा हात आखडूनच.

सकाळी लसीकरण केंद्राच्या फाटकाशी पहारेकऱ्याने तुमचा पेपर माझ्या हातात ठेवला. पहिल्या पानावर माझा फोटो, मास्कमुळे नुसते डोळे दिसणारा, आणि वर मथळा: ‘लसीतही सूड!’ खाली काय, तर सरकारी नर्सने विरोधी पक्षनेत्यांना मुद्दाम चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं. दोन शब्दांत माणसाला आडवं करायची कला आपल्या घरात एकालाच आहे, म्हणून विचारते, मथळा तुझाच ना?

झालं ते ऐक. एका बाटलीत दहा जणांची लस असते. उघडली की चार तासांत संपवायची, उरेल ती फेकून द्यायची. म्हणून दहा जण जमल्याशिवाय मी बाटली उघडत नाही. नेते आले तेव्हा कॅमेरेवाले सोडून त्यांच्यासकट सहा जण होते. मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं. ते बिचारे बसले. तळमळले ते त्यांचे कार्यकर्ते. आता माझी चौकशी लागली आहे. राजकीय आकसाने वागले असं ठरलं, तर बावीस वर्षांची नोकरी जाईल. आईला इतक्यात काही सांगू नकोस.

राग वर आहे, लोभ खाली दबलेला आहे. कळावे.
तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि विशेष हेच, की मथळा माझाच.

बातमीत ना केंद्राचं नाव होतं, ना तुझं. फोटोतले डोळेही मी ओळखले नाहीत. हेच डोळे वटारून तू माझ्याकडून पाढे पाठ करून घेतलेस! फार लाज वाटते. खुलासा छापा म्हणून संपादकांकडे तीनदा गेलो. ते म्हणतात, बातमी गाजते आहे, आता माघार नाही. तिकडे सरकारच्या बाजूची चॅनेलं ‘विरोधकांना धडा शिकवणारी नर्स’ म्हणून तुला डोक्यावर घेऊन नाचताहेत.

शुक्रवारी खुद्द आरोग्यमंत्री तुझा सत्कार करायला येणार आणि तिथेच लस घेणार, असं कानावर आलं आहे. ताई, माझं ऐक. पुष्पगुच्छ घे, हसून फोटो दे आणि ते आल्या आल्या सुई टोचून मोकळी हो. मंत्री पाठीशी असले की चौकशीवाले तुझ्या वाटेला जाणार नाहीत. एक दिवस नियमाकडे काणाडोळा केलास तर आभाळ कोसळणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी सढळ हाताने.

तुझा सल्ला मायेचा होता, पण मी तो ऐकला असता तर चौकशीवाल्यांचं म्हणणं मीच खरं करून दाखवलं असतं. मंत्री अडीचला आले. पुष्पगुच्छ घेतला, रिकाम्या बरणीत ठेवला आणि खोलीतली माणसं मोजली. मंत्र्यांना धरून सात. मी म्हटलं, साहेब, अजून तिघं यायची आहेत, बसा. सचिवांनी अंगरक्षकांना पुढे केलं, तर त्यांची लस आधीच झालेली. पन्नास मिनिटांनी दहावी आली ती बेकरीवाली, कोपरापर्यंत पीठ. बाकावर जागा नव्हती, तर तिने मंत्र्यांनाच जरा सरकायला सांगितलं.

एक थेंब वाया गेला नाही. भीती वाटली का म्हणशील तर वाटली. सुई भरताना नाही. सगळे गेल्यावर, हात धुताना.

आता नोकरीचं काय व्हायचं ते होवो. लोभ आहे तसाच ठेव.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत कात्रण पाठवतो आहे. संपादकांना ‘मंत्र्यांची फजिती’ असा मथळा हवा होता. मी दिला: ‘सत्ताधारी असो वा विरोधक, बाटली दहा जण जमल्यावरच’. बातमीत तुझा नियम आणि नेत्यांची चाळीस मिनिटंही घातली. एवढ्यावरून बरीच खडाजंगी झाली, पण छापून आलं. आता माझी रवानगी हवामान आणि छोट्या जाहिरातींच्या पानावर झाली आहे. हे वाचून हळहळू नकोस. बारा वर्षांत पहिल्यांदाच आपण लिहिलेला मथळा मी घरी नेला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोरीने दोघांनाही बसवलं, छान केलं.

तुझ्या लोभाला पात्र ठरेन असं वागतो आहे.
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,
भरभरून आशीर्वाद.

चौकशी काल संपली. अधिकाऱ्यांपुढे दोन तक्रारी होत्या. एकीत मी सरकारची हस्तक, दुसरीत विरोधकांची. त्यांनी माझ्या नोंदवहीत वाया गेलेल्या लसींचा रकाना पाहिला. चौदा महिने कोराच. त्यांनी दोन्ही तक्रारी निकाली काढल्या आणि मला कामावर जायला सांगितलं.

टेबलावर तुझं कात्रण होतं. मी त्यांना म्हटलं, हा मथळा माझ्या धाकट्या भावाने दिला आहे, त्यापायी त्याचं पहिलं पान गेलं. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. पहिला मथळाही तुझाच होता, हे मात्र सांगितलं नाही.

लोभ वाढला आहे, उतरायचा नाही.
तुझी ताई