कॉफीच्या पानावरचे पापड

प्रिय रेमेदियोस ताई,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, कारण मग तुझ्या नर्सिंगच्या पुस्तकांचंही सांगावं लागेल.

सुगीच्या सणाची, शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची मिरवणूक यंदा सात वर्षांनी आपल्या गल्लीत येणार होती, म्हणजे वाटेवरच्या इतर घरांसारखं आपलं घरही रंगीत पापडांनी सजून सजावटीच्या स्पर्धेत उतरणार होतं. फोनवर तू म्हणालीस, "विकतचे पापड आणून घर सजव. आईसारखे तुझ्या हातून व्हायचे नाहीत." मला झोंबलं ते. परसातल्या कॉफीची पानं तोडली, त्यांवर तांदळाचं रंगवलेलं ओलं पीठ पसरलं, वाफवलं आणि पापड सोलून काढले. वाळताना सगळ्यांच्या सुरळ्या झाल्या. शेजारची पासिंगमावशी म्हणाली, "यंदा घराला पालापाचोळा टांगणार वाटतं." दुसऱ्या खेपेला मी पापडांवर तुझी जाडजूड पुस्तकं ठेवली. पापड सपाट झाले आणि पुस्तकं हिरवी-गुलाबी.

काल आपलं घर छपरापासून उंबऱ्यापर्यंत पापडांच्या झुंबरांनी झळकत होतं. मिरवणूक दारातच थांबली. परीक्षकांनी विचारलं, "कुणी केलेत हे?" पासिंगमावशीनेच मला पुढे ढकललं.

मी तोंड उघडणार, तोच आईने खुर्चीतून हात वर केला. तिला आता अजिबात दिसत नाही. तिने एक पापड चाचपला, त्यावर उमटलेल्या पानाच्या शिरांवरून बोट फिरवलं आणि ठसक्यात म्हणाली, "माझ्या हातचे आहेत. दुसऱ्या कुणाला जमतात?"

पहिलं बक्षीस आईच्या नावावर लागलं. एवढ्या जोरात टाळ्या मी आयुष्यात वाजवल्या नव्हत्या, ताई.

तुझी धाकटी,
पाझ