नव्या नळीची पहिली फैर

पोलीस लाइन, लातूर
ता. २१ एप्रिल १९८३

ग्यानोबा इवाई यांना साहेबरावाचा सप्रेम जयभीम.

सूनबाई पंचशीलाचं ऑपरेशन झालं, मुलगी झाली, मायलेकी बऱ्या आहेत, ही तुमची चिठ्ठी सोमवारी मिळाली. भीमानं ती लाइनीत सगळ्यांना वाचून दाखवली. टाके निघेपर्यंत तिला उठू देऊ नका.

इकडं पाण्याचे लई हाल. जिल्हा नवा झाला, पण माझ्या शस्त्रागारात रायफली वाटणीत जुन्याच आल्या. लढाईच्या काळातल्या थ्री-नॉट-थ्री. एकीची नळी आतून पार झिजली होती, गोळी सरळ जाईना. नवी नळी मागवली, ती मागच्या आठवड्यात आली. जुनी काही केल्या सुटेना. तेल घालून मुरू दिली, मग मी अन् भीमानं मिळून लांब पान्यानं जोर लावला तेव्हा करकरत निघाली. नवी बसवताना तोंडाजवळची नेम धरायची माशी बरोबर वर, उभी यावी लागते. भीमा डोळा लावून सांगत होता, "बाबा, अजून केसभर. हां, आता बसली!" बोल्ट ओढून बघितला, झकास बंद झाला. "पयली गोळी मीच झाडणार," म्हणाला. मी म्हटलं, "झाड की. पण आधी बायकोला पत्र टाक." तर लाजला.

काय सांगायला बसलो अन् काय लिहून राहिलो.

इवाई, तार केली असती तर ती पंचशीलापुढंच फुटली असती. म्हणून लाइनीतल्या दगडोबाच्या हाती हे पत्र देतो. दवाखान्याच्या बाहेर जाऊन वाचा.

मंगळवारी भीमाची ड्यूटी अहमदपूरच्या बाजूला, पाण्याच्या टँकरवर होती. तिथं एका गावात विहीर खोल करून राहिले होते. सुरुंगाचा धूर तळाशी कोंडलेला, अन् मलप्पा नावाचा गडी खाली बेशुद्ध. कुणी उतरेना. भीमानं टोपी, पट्टा काठावर ठेवला, तोंडाला ओला रुमाल बांधला अन् उतरला. मलप्पाच्या काखेत दोर बांधून "ओढा!" म्हणून ओरडला. मलप्पा वर आला, जगला. दोर पुन्हा खाली सोडला, तर तो धरायला कुणी नव्हतं.

आपला भीमा गेला, इवाई.

काल सरकारी मानवंदना झाली. रायफली मलाच काढून द्यायच्या होत्या. ती नव्या नळीचीही दिली. तिची पहिली फैर दुसऱ्याच्या हातून झडली, बिनगोळीची. लोक म्हणाले, पोरगा मानानं गेला. मला त्यातलं काहीच वाटत नाही.

ऊन असं, की मयत ठेवता आलं नाही. पंचशीलाला नवऱ्याचं तोंड दाखवलं नाही, मला माफ करा.

सकाळी मलप्पा आला, माझ्या पायावर पडून रडला. मी त्याला उठवलं नाही. भीमाच्या आईनं, सरजाबाईनं उठवलं, पाणी दिलं अन् पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली.

दुपारी मी स्टँडवर गेलो होतो. तुमच्याकडची, नांदेडची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली. माझा पायच उचलला नाही. पोरीपुढं उभं राहून मी बोलू काय?

तुम्ही तिचे वडील. तुम्हीच सांगा. पण टाके निघू द्या. तोवर तिनं विचारलं, की हे मुलीला बघायला कधी येणार, तर म्हणा, दुष्काळ हाय, सुट्टी मिळंना.

तुमचा इवाई,
भीमाचा बाप साहेबराव