उद्या कोण तपासणार?

प्रिय चिमणे,

तू गेल्यापासून मी गल्लीभर नुसता मिरवतोय. दूधवाल्याने विचारलं नाही तरी त्याला सांगतो, की आमची नर्सबाई चर्चच्या वैद्यकीय टीमबरोबर परदेशात सेवेला गेली आहे. काल विमानतळावरच्या पहारेकऱ्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, काका, हे तुम्ही मागेच सांगितलंत. मग काय झालं? पुन्हा सांगेन!

आयुष्यभर मी मिशनच्या दवाखान्याची गाडी चालवली, ती बाहेरून येणाऱ्या अशाच टीम आणायला नि पोचवायला. येताना नुसतं वऱ्हाड, टपावर खोकी आणि आत गाणी. जाताना रडून डोळे सुजलेले. माणसं लाखमोलाची हं. स्वतःची रजा टाकून, पदरमोड करून दोन आठवडे राबायची, प्रार्थनेला आपल्यासारखी मांडी घालायला जायची आणि कलंडायची. तुझ्या आईचा मोतीबिंदू त्यांच्यातल्याच एका डॉक्टरीणबाईंनी काढला. पण टीम विमानात बसली आणि आईचा डोळा लालबुंद झाला, तेव्हा बघायला कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी तीच डॉक्टरीणबाई आली, तर तू, जेमतेम दुसरीतली, भर गाडीत तिला विचारलंस, तुम्ही गेल्यावर उद्या कोण तपासणार? दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र रागावल्या नाहीत. तुला जवळ घेऊन त्यांनी तो प्रश्न आपल्या वहीत लिहून घेतला.

परवा पाळकसाहेबांनी तुमच्या शिबिराचा फोटो दाखवला. त्यात सगळी टीम आहे, फक्त तू नाहीस. का, तर तू आत एका अडलेल्या बाईपाशी बसली होतीस. अगं, अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या! तो फोटो मागून आणलाय. येईल त्याला दाखवतो आणि म्हणतो, बघा, ह्यात माझी मुलगी नाही.

मग पाळकसाहेबांनी हळूच दुसरी गोष्टही सांगितली. तिथल्या दवाखान्यातली एकुलती एक नर्स बाळंतपणाला चालली आहे आणि तू वर्षभर थांबशील का, असं दवाखान्याने विचारलंय. तुझं मन आहे, पण बाबा एकटे पडतील म्हणून नाही म्हणणार आहेस. तरीच फोनवर काहीतरी बोलायला लागलीस आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर घसरलीस. बापाच्या नावावर नकार खपवतेस होय? खोटं कशाला बोलू, घर खायला उठतं. अजूनही सवयीने दोन कप चहा टाकतो. तुझी फार आठवण येते, बाळा. पण गोळ्या मी न चुकता घेतो, आणि आत्या शेजारीच आहे, जिच्या तावडीतून एकटेपणाही सुटायचा नाही.

उद्या दुसरी टीम तिकडे निघतेय. त्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाती हे पत्र देतोय. त्यांच्या सामानात एक मोठी बॅग तुझी आहे, मी आणि आत्याने मिळून भरली. वर्षभर पुरतील एवढे कपडे आहेत, जाड बूट आहेत आणि आईचं बायबल आहे. शनिवारी तुमची टीम परत येईल, तेव्हा गाडी घेऊन मीच विमानतळावर उभा असेन. त्या घोळक्यात तू दिसलीस ना, तर याद राख, आल्या पावली परत पाठवीन.

तुझाच,
मिरवून न दमलेला बाप